रीडिंग ‘बसवू’ नका!

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला रीडिंग एकाचंच येतं आणि अख्ख्या बॅचच्या जर्नलमध्ये तेच उतरतं, हे तुम्हालाही माहितीये. जेनेटिक्समध्ये 3:1 यायला हवं ना, मग आकडे तसे बसवायचे. जर्नल सर्टिफाय होतं, मार्क मिळतात. पण मेंडेलने काय लिहिलं होतं? 7324 वाटाण्यांपैकी 5474 गोल, 1850 सुरकुतलेले. म्हणजे 2.96:1. त्याने ओढूनताणून 3 केलं नाही. (तरी त्याचे एकूण आकडे जरा जास्तच छान जुळतात, अशी शंका फिशरने 1936 मध्ये काढलीच!)

आता चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ आलंय. यूजीसीच्या आराखड्यानुसार त्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के हवेत. गंमत बघा, त्या टक्क्यांत या उतरवलेल्या जर्नलचेही मार्क असणार! आणि तिथे गाईड विचारतील, सॅम्पल किती, कंट्रोल कुठला? काय सांगणार?

दोष फक्त आपला नाही. वेगळ्या रीडिंगचे मार्क कापले तर खरं कोण लिहील? पुढच्या प्रॅक्टिकलला जे येईल तेच लिहा, खाली संभाव्य कारण लिहा. मार्क कापलेच, तर सगळ्या बॅचने मिळून सरांना ‘का?’ विचारा.