विश्लेषण : रात्रभर वाचलेले पेपरात का आठवत नाही?

सत्र परीक्षा जवळ आली की अभियांत्रिकी महाविद्यालयांबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होते. जुन्या प्रश्नपत्रिका, सोडवलेली उत्तरे आणि सीनियरने खुणा करून दिलेली ‘आयएमपी’ यादी हातोहात खपते. मग जागरणे सुरू होतात. तरीही तीन-चार वेळा वाचलेले उत्तर परीक्षेत अर्ध्यावर अडते. ‘सगळे येत होते, आठवले नाही’ हे वाक्य प्रत्येक पेपरनंतर ऐकू येते. खरे तर ते येत नव्हते, फक्त ओळखीचे झाले होते.

वाचलेले ‘येते’ असे का वाटते?

दुसऱ्यांदा वाचताना नजर भराभर पुढे सरकते आणि त्या सहजतेलाच आपण तयारी समजतो. गणितात ही फसगत सर्वाधिक होते. ‘एम-थ्री’चे सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटते, पण पहिली पायरी कोणती हे पुस्तकाने आधीच ठरवलेले असते. परीक्षेत ते विद्यार्थ्याला ठरवायचे असते आणि नेमका तोच सराव झालेला नसतो.

संशोधन काय सांगते?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरसमूह पाठ केल्यावर विस्मरण सुरुवातीच्या काही तासांतच सर्वाधिक वेगाने होते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले.

अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले. लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

अभ्यासाच्या दहा पद्धती तपासणारा जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागणे या दोन पद्धती त्यात सर्वाधिक उपयुक्त ठरल्या. पुन्हा वाचणे आणि मार्कर फिरवणे तळाशी राहिले.

मग जागरणावर पास होणारे कसे होतात?

पाच मिनिटांनंतरच्या त्या निकालातच याचे उत्तर दडलेले आहे. रात्री वाचलेले सकाळपर्यंत थोडेफार टिकते. एका रात्रीचा अभ्यास अगदीच निरुपयोगी असता, तर तो कधीच बंद पडला असता. पण त्याची किंमत नंतर मोजावी लागते. झोप बुडाल्याने लक्ष विचलित होते, वाचलेले स्मरणात पक्के होत नाही आणि पुढच्या सत्रातला विषय पुन्हा शून्यापासून सुरू करावा लागतो. पेपर गेलाच, तर बॅकलॉगची टांगती तलवार थेट प्लेसमेंटपर्यंत सोबत करते.

प्रश्नपत्रिकेत काय दडले आहे?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१९च्या अभ्यासक्रमाचे उदाहरण घ्या. त्यात बहुतेक विषयांची सत्रान्त परीक्षा ७० गुणांची, अडीच तासांची आणि तिसऱ्या ते सहाव्या युनिटवर असते. ‘प्रश्न १ किंवा २’, ‘३ किंवा ४’ असे पर्याय दिसतात, पण प्रत्येक जोडी एकाच युनिटवर असते. म्हणजे एखादे युनिट पूर्ण सोडले, तर १७-१८ गुण सरळ हातचे जातात. ‘दोन युनिट पक्के करू, बाकी बघू’ हा हिशेब इथे बसत नाही.

आठ दिवस हातात असतील तर?

जुनी प्रश्नपत्रिका अंदाज बांधण्यासाठी न वापरता चाचणी म्हणून वापरावी. एक युनिट एकदा समजून वाचावे, पुस्तक मिटावे आणि त्यावरचा जुना प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवावा. अडले तरी काही मिनिटे प्रयत्न करावा, मगच उत्तर ताडून पाहावे. चुकलेल्या जागा दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा तीन दिवसांनी, दोन्ही वेळा न बघता लिहाव्यात. शेवटच्या दोन दिवसांत एक पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवावा. हा अभ्यास वाचण्यापेक्षा कष्टाचा वाटतो, कारण न येणारे लगेच उघडे पडते. त्याचा फायदाही तोच आहे.

जबाबदारी फक्त विद्यार्थ्यांची?

नाही. पेपरच्या आदल्या आठवड्यापर्यंत सबमिशन आणि जर्नलवरच्या सह्या चालत असतील, तर अभ्यास विभागायला दिवस उरतात कुठे? वर्षानुवर्षे तेच प्रश्न फिरत असतील, तर ‘आयएमपी’ यादीमागे धावणाऱ्या मुलांना आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. ती मुले व्यवस्थेने दाखवलेल्या वाटेनेच चालली आहेत. महाविद्यालयांनी सबमिशन किमान दोन आठवडे आधी संपवावे. प्रत्येक युनिटनंतर तासाची शेवटची दहा मिनिटे बिनगुणांच्या छोट्या चाचणीला द्यावीत आणि उत्तरे तिथेच तपासून घ्यावीत. यासाठी वेगळा निधी किंवा नवे ॲप लागत नाही. आपल्याला काय येत नाही, हे विद्यार्थ्याला परीक्षा हॉलमध्ये न कळता त्याआधी वर्गातच कळेल.