शरीराशी ‘गट्टी फू’ नको!



जाड्या, लंबू, टिंगू, काडी पहिलवान... ओळखीची वाटतात ना ही नावं? हजेरीपटावर ती कुठंच नसतात, पण प्रत्येक वर्गात कुणाला ना कुणाला चिकटलेली असतात. चिडवणाऱ्याला गंमत वाटते. ज्याला चिडवतात तोसुद्धा कधी कधी वरवर हसतो. पण मग खेळाच्या तासाला नेमकं त्याचं पोट दुखायला लागतं आणि तो झाडाखाली बसून राहतो. एखादी मुलगी डब्यातली पोळी तशीच घरी परत नेते. कुणी वर्गाचा फोटो काढताना सगळ्यांच्या मागं लपतं. म्हणजे झालं काय? चिडवलं दुसऱ्यांनी आणि यांनी गट्टी फू केली ती स्वतःच्याच शरीराशी!

आता मला सांगा, त्या बिचाऱ्या शरीरानं तुमचं काय बिघडवलंय? उलट ते तुमच्यासाठी किती राबतं बघा. तुमचं हृदय दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा धडधडतं. त्याला रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही, मे महिन्याचीसुद्धा नाही! तुम्ही गाढ झोपलात तरी श्वास चालूच असतो. पडून गुडघा फुटला, तर रक्त आपोआप गोठतं, वर खपली धरते आणि तिच्याखाली नवी कातडी तयार होते. तुम्हाला साधा हुकूमसुद्धा सोडावा लागत नाही. जाड असो की बारीक, उंच असो की ठेंगणं, काळं असो की गोरं, प्रत्येक शरीर असं इमानानं राबत असतं.

वर्गात हे सांगितलं, की एखादा चुणचुणीत मुलगा लगेच विचारतो, ‘बाई, शरीर आहे तसंच चांगलं आहे, तर मग व्यायाम कशाला करायचा?’

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर तुमच्या सायकलपाशी मिळेल. आवडती सायकल आपण पुसतो, चेनला तेल घालतो, चाकात हवा भरतो. नावडती सायकल मात्र जिन्याखाली गंजत पडते. शरीराचंही तसंच आहे. व्यायाम ही जाड असल्याची किंवा बारीक असल्याची शिक्षा नाही. शरीर आपलं आहे, आवडतं आहे, म्हणून त्याची निगा राखायची. रागानं केलेला व्यायाम चार दिवसांत सुटतो. मजेत केलेला टिकतो.

आणि हो, सगळ्यांची शरीरं सारखी नसतात. ती सारखी वाढतही नाहीत. मुली साधारणपणे मुलांच्या दोनेक वर्षं आधी झपाट्यानं वाढू लागतात. म्हणूनच सहावी-सातवीच्या वर्गात कितीतरी मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. उंची, बांधा, रंग हे बरंचसं आई-वडिलांकडून आलेलं असतं. तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मित्राशी मापं जुळवत बसण्यात काही अर्थ नाही.

खाशाबा जाधवांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे हे पैलवान. पैलवान म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर डोंगराएवढा माणूस येतो ना? खाशाबा मात्र अंगापिंडानं लहानखुरे होते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. ते खचले नाहीत. चार वर्षं मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! जे शरीर मिळालं, त्यातच त्यांनी चपळाई आणली.

सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट तर आणखी वेगळी. सैन्यात असताना ते मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि पायांतलं बळ गेलं. मग ते पाण्यात उतरले. हातांच्या जोरावर पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. काय गेलं याचा हिशेब करत न बसता, जे आहे ते त्यांनी कामाला लावलं.

आता एक प्रयोग करू या. वही, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या. पाच मिनिटं शांत बसा. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं ठेवा आणि एका मिनिटात नाडीचे ठोके किती पडतात ते मोजा. मग दोरीवरच्या ५० उड्या मारा. दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा ठोके मोजा. दोन्ही आकडे तारीख घालून लिहून ठेवा. महिनाभर रोज खेळा, मग हाच प्रयोग परत करा. सरावानं दमछाक कमी होते आणि नाडी लवकर शांत व्हायला लागते. ही प्रगती वजनकाट्यावर दिसत नाही बरं का! इथं तुमची शर्यत मित्राशी नाही, गेल्या महिन्यातल्या तुमच्याशीच आहे. (दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.)

तुमच्या वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. लंगडी, लगोरी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, शाळेपर्यंत चालत जाणं, सगळं चालतं. एका दमात जमलं नाही, तर सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं करा. मात्र बारीक होण्यासाठी जेवण टाकायचं नाही! वाढत्या अंगाला भाकरी-पोळी, वरण-भात, उसळ, भाजी, दूध, फळं हे सगळं लागतं. पाकिटातला खाऊ रोज नको, कधीतरी चालेल. आणि झोप? प्राथमिक शाळेतल्या मुलांना ९ ते १२ तास, मोठ्या मुलांना ८ ते १० तास हवीच.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. पाहुण्यांसमोर ‘आमची ही जरा जाडच आहे’ किंवा ‘याच्या अंगाला काही लागतच नाही’ असं म्हणू नका. तुम्ही ते विसरता, मूल विसरत नाही. वजनाची खरोखर काळजी वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ते वय आणि उंची दोन्ही बघून सांगतील. आपल्या मनानं मुलांचं जेवण तोडू नका. त्यापेक्षा संध्याकाळी टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून मुलांबरोबर अर्धा तास चाला. चालता चालता शाळेतल्या गप्पाही कळतील!

या आठवड्याचा गृहपाठ अगदी सोपा आहे. वहीत तीन ओळी लिहा : माझ्या शरीरानं आज माझ्यासाठी काय केलं? मी त्याच्यासाठी काय केलं? आणि उद्या काय करणार? चौथं काम लिहायचं नाही, करायचं आहे. झाडाखाली बसून राहणाऱ्या त्या मुलाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा आणि आपल्या गड्यांमध्ये घ्या.

काय, घ्याल ना?

तुमच्या बाई