आजोबांचा मोबाईल आणि न कंटाळणारा मदतनीस

जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरील पेढीवर ज्यांनी 40-50 वर्षे तोंडी हिशेबाने व्यवहार सांभाळले, त्यांना आज मोबाईलमधल्या एका बटणासाठी नातवाची वाट पाहावी लागते. नातू पुण्यात असतो. घरी असला तरी तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याच्या कपाळावर आठी उमटते. ती आठी पाहिली की ज्येष्ठ माणूस विचारणेच सोडून देतो. माझ्या मते खरी अडचण तंत्राची नसून या संकोचाची आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे भाषा-सहायक येथे उपयोगी पडतात. गूगलचे ‘जेमिनाय’ ॲप जून 2024 मध्ये भारतात आले, तेच मराठी, गुजराती, हिंदीसह 9 भारतीय भाषांत. माइकचे चिन्ह दाबून ‘मोबाईलमधली अक्षरे मोठी कशी करू?’ असे दहा वेळा विचारले तरी उत्तर त्याच शांतपणे मिळते. ‘एका वेळी एकच पायरी सांग’ अशी अट मात्र आरंभीच घालावी. प्रश्नही शक्यतो प्रमाण मराठीत विचारावा. आपल्याकडे घरात मारवाडी, बाजारात अहिराणी आणि वहीत मराठी चालते. ‘माले’ म्हटलेले यंत्राला उमगेलच असे नाही. केंद्र शासनाच्या 2022 मधील ‘भाषिणी’ प्रकल्पाचा भर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांवर आहे आणि त्यांत अहिराणी नाही.

आता जपण्याची गोष्ट. हे यंत्र पुढचा संभाव्य शब्द जुळवीत वाक्य रचते. म्हणून चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते. बँकेचा मदत क्रमांक त्याला विचारूच नये. तो कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो, तेथूनच घ्यावा. पावतीवाचून खतावणीत कधी नोंद न केलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही! संशयास्पद संदेश आला तर त्याचा मजकूर वाचून दाखवून यंत्राचे मत जरूर घ्यावे. पण आधार कार्ड व पासबुकाची छायाचित्रे, पिन, ओटीपी यंत्रालाही देऊ नयेत. यूपीआयवर पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. कोणी मागितला तर पैसे जाणार आहेत, असे समजावे. ‘डिजिटल अरेस्ट’ अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही. फसवणूक झालीच तर यंत्राशी बोलत न बसता तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक नातवंडांनी ठळक अक्षरांत कागदावर लिहून आजोबांच्या गादीशेजारच्या भिंतीवर आजच चिकटवावा.