अपेक्षा कुणाच्या आणि कुणाकडून?

शेंद्रा औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारा एक तरुण काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला. एका संस्थेच्या ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमात त्याने नाव घातले होते आणि अर्थशास्त्राचा विषय समजून घ्यावा म्हणून तो आला होता. त्याने मोबाइलवर अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडून दाखविली. तीत ‘विद्यार्थ्यांकडून अपेक्षा’ या मथळ्याखाली चौदा कलमे होती. विद्यार्थ्याने नियमित उपस्थित राहावे, स्वाध्याय मुदतीत द्यावेत, चर्चेत भाग घ्यावा, वेळेचे नियोजन करावे, तांत्रिक अडचणींची सबब सांगू नये. ती वाचून झाल्यावर तो म्हणाला, “सर, आमच्याकडून काय हवे ते सगळे यात आहे. आम्ही काय मागायचे, ते कुठे आहे?” मी पुस्तिका दोनदा चाळली. ते कोठेही नव्हते.

हा प्रश्न एका पुस्तिकेपुरता असता तर त्यासाठी या स्तंभाची जागा अडविली नसती. परंतु ऑनलाइन शिक्षण ही आता कडेची बाब राहिलेली नाही. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक महाविद्यालयीन पदवीत धरण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली एका सत्रातील विषयांच्या वीस टक्क्यांपर्यंत दिली, २०२१ साली ती चाळीस टक्क्यांवर नेली. २०२० च्या नियमावलीने संपूर्ण पदवीच ऑनलाइन देण्याचा मार्ग प्रशस्त केला. म्हणजे ज्याला रोज महाविद्यालयात जाणे परवडत नाही, त्याचे उच्च शिक्षण पुढल्या काळात बव्हंशी याच वाटेने जाणार आहे. म्हणूनच ही वाट कुणाच्या पायांचे माप घेऊन आखली जाते, हा राजकीय प्रश्न आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. दूरस्थ शिक्षणाला समाजवाद्यांचा विरोध नाही. असण्याचे कारणही नाही. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या राजवटीत १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, ते कारखान्यात आणि घरात अडकलेल्या माणसाला पदवीचे दार उघडावे म्हणूनच. आपल्याकडे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद पोकळ नव्हते. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी पूर्वतयारीची पायरीही या विद्यापीठाने बांधली. तेव्हा आमचा आक्षेप पडद्यावर शिकण्याला नाही. पडद्याआड उत्तरदायित्व लपविण्याला आहे.

आता थोडा हिशेब मांडू. अर्थशास्त्राच्या माणसाला तेवढी सवय असतेच. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाला चाळीस श्रेयांक आणि त्यांसाठी बाराशे तासांचे अध्ययन अपेक्षित आहे. एका सत्राचे सहाशे तास झाले. सत्र पंधरा आठवड्यांचे धरले तर आठवड्याला चाळीस तास पडतात. दुसरीकडे, १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. आठवड्याचे एकूण तास १६८. त्यातून कामाचे ४८, अभ्यासाचे ४० आणि रोज आठ तासांप्रमाणे झोपेचे ५६ वजा करा. उरले २४. कामाच्या सहा दिवसांत येण्याजाण्याचे रोजचे दोन तास धरले तर आणखी १२ गेले. राहिले आठवड्याचे बारा तास, म्हणजे दिवसाला पावणेदोन तासही नाहीत. त्यात स्वयंपाक, आंघोळ, बाजार, आजारी मूल, गावाकडची म्हातारी आई आणि ओव्हरटाइम बसवायचा. राज्य मंत्रिमंडळाने तर सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातील कामाची दैनिक मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. ‘वेळेचे नियोजन करावे’ हे कलम ज्यांनी लिहिले, त्यांनी ही वजाबाकी एकदा तरी करून पाहिली आहे काय?

आणि हा हिशेब सरळ पाळीचा झाला. शेंद्रा काय किंवा वाळूज काय, पाळी आठवड्याने फिरते. या आठवड्यात सकाळी सहाला कारखान्याच्या दारात उभा असणारा पुढच्या आठवड्यात रात्री अकराला घरी निघतो आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात दिवसा झोपतो. या तरुणाच्या अभ्यासक्रमात थेट व्याख्यान मंगळवारी सायंकाळी सहाला होते, तेही हजेरीसह. स्वाध्यायाची मुदत रविवारी मध्यरात्री संपत असे. त्याच्या कारखान्यात मोबाइल दारावरच जमा करावा लागतो. तीन आठवड्यांपैकी एका आठवड्यात तो गैरहजर ठरणार, हे सत्र सुरू होण्यापूर्वीच निश्चित होते. तरीही पुस्तिकेच्या भाषेत दोष त्याचाच, कारण त्याने ‘नियमितता’ पाळली नाही.

साधनांची कथा निराळी नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ साडेचार टक्क्यांच्या आसपास कुटुंबांकडे संगणक होता आणि सुमारे पंधरा टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय होती. त्यानंतर मोबाइल झपाट्याने पसरला हे खरे. परंतु घरात तिघांत एक मोबाइल असणे आणि अभ्यासाचे साधन असणे यांत अंतर आहे. त्यात भाषेची भिंत. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रम प्रामुख्याने इंग्रजीत आहेत. मागणीची लवचिकता म्हणजे काय हे शेंद्र्यातल्या मुलाला खोलीचे भाडे आणि तुरीचा भाव यांवरून दहा मिनिटांत कळते. परक्या देशातल्या कॉफीच्या पेल्यावरून तासभर कळत नाही. ज्यांच्या शेतजमिनींवर ही वसाहत उभी राहिली त्यांच्या मुलांना भूमी, खंड आणि मोबदला हे धडे शिकविताना त्यांच्याच गावचे उदाहरण अभ्यासक्रमात नसावे, याला काय म्हणावे?

यावर ठरलेले उत्तर येते. शिकण्याची जिद्द असेल तर माणूस वेळ काढतोच. न काढणाऱ्यासाठी दर्जा का उतरवायचा? या युक्तिवादातला अर्धा भाग मला मान्य आहे. दर्जा उतरवू नये. गरिबाला स्वस्त पदवी देऊन वाटेला लावणे ही त्याची फसवणूकच आहे. परंतु आम्ही कमी अभ्यास मागत नाही. तोच अभ्यास करण्यास पुरेसा अवधी आणि मदतीचा हात मागतो. जिद्दीची कसोटी तर जगाने घेऊन पाहिली आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आढावा २०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव घालणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे सुमारे तीन टक्के होते. उरलेले सत्त्याण्णव टक्के जिद्दहीन होते, असे मानायचे काय? याउलट ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने दूरचित्रवाणीवरील व्याख्यानांवर कधीच विसंबून ठेवले नाही. स्वाध्याय तपासून त्यावर अभिप्राय लिहिणारा शिक्षक, जवळचे अभ्यासकेंद्र आणि उन्हाळी निवासी वर्ग ही त्याची खरी ताकद होती.

शिक्षक हाच या प्रकरणातला खर्चाचा भाग आहे आणि नेमका तोच गाळला जात आहे. व्याख्यान एकदा चित्रित झाले की ते वर्षानुवर्षे फिरविता येते. शंका मात्र दरवर्षी नव्या येतात. त्या सोडविण्यासाठी माणूस लागतो, वेतन लागते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर काम उरकण्याची रीत रूढ झालीच आहे. ऑनलाइन अभ्यासक्रम ही तिची पुढची पायरी होऊ पाहत आहे. शेंद्र्यातला कंत्राटी कामगार आणि त्याला शिकविणारा तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक हे एकाच दोरीने बांधलेले आहेत. दोघांनाही पुढच्या सत्राची शाश्वती नाही. या दोघांनी परस्परांना दोष देत बसावे, हे व्यवस्थेच्या सोयीचे आहे.

तेव्हा ‘संस्थेकडून अपेक्षा’ असे दुसरे प्रकरण प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत आले पाहिजे आणि ते पहिल्याइतकेच बंधनकारक असले पाहिजे. प्रत्येक घटकाला लागणारे तास प्रवेशापूर्वी छापावेत आणि नोकरी करणाऱ्यास वर्षाचे श्रेयांक दोन वर्षांत पुरे करण्याचा हक्क असावा. मुदत एका रात्रीची न ठेवता पाळीचे चक्र पुरे होईल एवढी, म्हणजे किमान तीन आठवड्यांची ठेवावी. थेट व्याख्यानाची हजेरी सक्तीची नसावी. विशिष्ट संख्येच्या विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक नेमावा, त्याचे नाव कळवावे आणि शंकेचे उत्तर किती दिवसांत मिळेल ते लिहून द्यावे. मराठीतील छापील पाठ घरपोच मिळावा. परीक्षा सुटीच्या दिवशी आणि कामाच्या गावी व्हावी. दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातील ‘ऑरिक’ नगराचा शेंद्रा टप्पा ७ सप्टेंबर २०१९ रोजी राष्ट्रार्पण झाला. तेथे यंत्रांसाठी रस्ता, वीज आणि पाणी भूखंडाच्या दारापर्यंत आखून दिले गेले. कामगारांच्या अभ्यासासाठी उजेडाची, शांत, चोवीस तास उघडी अशी एक खोली आखणे अशक्य नाही.

यात नवे काही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरविले. वेळापत्रक विद्यार्थ्याच्या जगण्याला जुळवून घेईल, हा त्यामागचा विचार होता. १९५० साली त्यांनीच या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगर हे आजचे नाव असलेल्या शहरात, मिलिंद महाविद्यालयाचे बीज रोवले. त्याच शहराच्या वेशीवर आज वेळापत्रकाला जुळत नाही म्हणून विद्यार्थी नापास ठरत असेल, तर आपण पुढे आलो की मागे गेलो?

कार्यकर्त्यांना एकच सुचवावेसे वाटते. कामगारवस्तीत शिकणाऱ्या मुलामुलींना एकत्र बसवा. त्यांच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका कलमवार वाचा, पाळीचे वेळापत्रक तिच्याशेजारी ठेवा आणि दोन्ही जुळत नाहीत तेथे खूण करा. तो कागद विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे न्या आणि द्वारसभेतही वाचून दाखवा. वेतनाच्या मागण्यांच्या यादीत अभ्यासरजेचे कलम घाला. तो तरुण माझ्याकडे आता दर तिसऱ्या रविवारी येतो. त्याच्या पाळीला तेवढेच जमते. मी निवृत्त आहे, मला ते सोपे आहे. परंतु त्याचे शिक्षण माझ्या सवडीवर अवलंबून असावे, यातच या व्यवस्थेचा पराभव आहे.