न्यायाधीशाचा अर्ज आणि कॉफीचा डबा
रुमालात बांधलेले कागद काखोटीस मारून फुलसावंगीहून पुसदच्या तारखेस निघालेल्या एखाद्या वृद्ध कास्तकारास, ज्याच्यापुढे तुमचा मुकदमा चालावयाचा तो न्यायाधीश तुम्ही मते देऊन का निवडत नाही, असे कोणी पुसले तर तो प्रश्न थट्टेवारी नेईल. परंतु अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी ही थट्टा नसून कायदा आहे. तेथे न्यायासनाच्या उमेदवारास पक्षाच्या एक हजार मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुकांत एकदमच उभे राहण्याची मुभा असते, आणि मतपत्रिकेवरील क्रम ठरतो तो कॉफीच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात हात घालून काढलेल्या क्रमांकाने. अग्रस्थान लाभले की विधिज्ञता जेमतेम असली तरी खपून जाते, अशी तेथील जाणत्यांची तक्रार. आमच्याकडे कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश घटनेच्या २३४व्या अनुच्छेदान्वये लोकसेवा आयोगाच्या परीक्षांतून येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या निर्णयानंतर त्यास तीन वर्षांची वकिलीही दाखवावी लागते. तथापि निवडलेला न्यायकर्ता आम्हांस अगदीच अपरिचित होता असे नाही: १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात न्यायपंचायतीची तरतूद होती व तिचे पंच ग्रामपंचायती निवडून देत, पुढे ते प्रकरणच कायद्यातून वगळले गेले, आणि त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही, कारण ज्याच्या वावराचा धुरा आपल्या धुऱ्यास लागून, त्याच्याचपुढे धुऱ्याच्या तंट्याची फिर्याद मांडावयाची म्हणजे वादी आधीच अर्धा हरलेला.