नऊ फोन

मा. जिल्हाधिकारी महोदय,

हे माझं चौथं पत्र. आधीची तिन्ही आपल्या कार्यालयात आवक क्रमांकासह जमा आहेत. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला एका ओळीचं आलं: ‘आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव जिल्हा शल्यचिकित्सकांकडे वर्ग करण्यात आला आहे.’ तिसऱ्याचं काय झालं ते सात महिने उलटून गेले तरी मला कळलेलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे.

माझ्या धाकट्या भावाने कापूस वेचणीच्या दिवसांत जीव द्यायचा प्रयत्न केला. कारण काही एकच नव्हतं. कर्ज होतं, झोप उडाली होती, घरातल्यांशी बोलणं तुटत चाललं होतं, आणि आम्ही सगळे त्याला ‘मनाला लावून घेऊ नको’ एवढंच सांगत होतो. तो वाचला. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी दोन रात्री जागून त्याला परत आणलं. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

माझी तक्रार पाचव्या दिवसाबद्दल आहे. त्या दिवशी त्याला घरी सोडलं. डिस्चार्ज कार्ड माझ्यासमोर आहे. तीन गोळ्यांची नावं, ‘तिखट, तेलकट टाळावे’, ‘आठ दिवसांनी ओपीडीत दाखवावे’. मानसोपचाराचा शब्द नाही, समुपदेशकाचं नाव नाही, एक फोन नंबरसुद्धा नाही. त्या दिवसांत ‘बाळा, अजून मरावंसं वाटतं का?’ असं त्याला कोणीही विचारलं नाही. प्रश्न विचारले ते जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराने, सगळ्या वॉर्डाला ऐकू जातील असे. भांडण कोणाशी? कर्ज किती? दारू पितो का? भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची बायको सलाईनच्या स्टँडला घट्ट धरून उभी होती.

महोदय, 29 मे 2018 पासून या देशात मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू आहे. त्याचं कलम 115 सांगतं की, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं. त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की, त्याच्यावर पुन्हा ती वेळ येऊ नये यासाठी काळजी, उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. कायद्यात कर्तव्य म्हटलंय. आमच्या कार्डावर त्या कर्तव्याला एक ओळसुद्धा मिळाली नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आपल्याकडे असतीलच. महाराष्ट्रात 2020 मध्ये 19,909 आत्महत्या. 2021 मध्ये 22,207. 2022 मध्ये 22,746, देशात सर्वांत जास्त, म्हणजे रोजची बासष्ट माणसं. त्या एका वर्षात देशभरात शेती करणारे आणि शेतमजूर मिळून 11,290 गेले, त्यातले 4,248 आपल्या राज्यातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने एका आत्महत्येमागे वीसहून अधिक माणसं प्रयत्न करून जगलेली असतात. 22,746 ला विसाने गुणा. साडेचार लाखांवर जातात. आधीचा प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सर्वांत मोठा इशारा, असं हीच संघटना सांगते. आणि यातली जी माणसं तुमच्या खाटांवर येतात, ज्यांचं नाव, गाव, मोबाइल नंबर तुमच्या रजिस्टरात असतो, त्यांनाच तुम्ही दारापर्यंत पोचवून मोकळे होता!

काय करायचं हेही शोधून झालेलं आहे. याच संघटनेने चेन्नई, कोलंबो आणि आणखी तीन देशांतल्या ठिकाणी 1,867 जणांवर एक अभ्यास केला. 2008 मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय घरी सोडताना तासभर समोर बसून बोलणं, आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा घरी भेट. पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या. मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्यात. अठरा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या गटातले शेकडा 2.2 आत्महत्येने गेले होते. फोन झालेल्या गटातले 0.2. याला मोठं यंत्र लागत नाही. आस्थेने बोलणारं, शिकवून तयार केलेलं माणूस लागतं, एक वही लागते आणि एक फोन.

शेतकरी गेला की आपल्या अध्यक्षतेखाली समिती बसते, सातबारा नि कर्जाचे कागद तपासते, पात्र की अपात्र ते ठरवते, आणि पात्र ठरला तर घरच्यांना एक लाख रुपये मिळतात. ते मिळायलाच हवेत. पण तो जिवंत असताना त्याच्यासाठी आपली कोणती समिती बसते?

माझ्या भावाला नंबर दिला तो गावच्या आशाताईंनी, कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहून: 14416. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर 2022 पासूनची. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. ज्यांच्या घरात कोणी असं गप्प झालं असेल त्यांनी हा नंबर आजच लिहून ठेवा, आणि त्या माणसाला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मी विचारलं तेव्हा भाऊ आधी रडला, मग म्हणाला, “ताई, हे कोणी इचारलंच नाई वं मले.” त्या रात्री त्याने स्वतः फोन लावला. मी दाराबाहेर बसले होते. चाळीस मिनिटं बोलला. पुढे मानसोपचारतज्ज्ञ, गोळ्या, हळूहळू झोप. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मात्र खतांची जाहिरात आहे, 108 आहे, 112 आहे. 14416 नाही.

माझी मागणी तीनही पत्रांत होती तीच आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर 14416 छापा. अशा प्रत्येक रुग्णाशी घरी सोडण्याआधी समुपदेशकाचं बोलणं झाल्याशिवाय कार्डावर सही होऊ देऊ नका. आणि नऊ फोनांची ती वही उघडा. ती कोण लिहिणार त्याचं नाव लेखी कळवा.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, लोकशाही दिनाला, मी आपल्यासमोर येणार आहे. भाऊ म्हणतो, मीही येतो, जे सांगायचं ते मीच सांगतो. ते डिस्चार्ज कार्ड आम्ही सोबत आणू.

आपली,
एक बहीण