कोल्हापूरचं मत लाटेवर ठरत नाही

संपादक महोदय,

लोकसभेचा निकाल लागला की कोल्हापूरबद्दल दोनच कारणं ऐकायला मिळतात : लाट आणि छत्रपतींची गादी. आमच्या जिल्ह्याचा अनुभव दोन्ही खोडून काढतो. 2014 च्या मोदी लाटेत राज्यात राष्ट्रवादीला चारच जागा मिळाल्या. त्यातली एक कोल्हापूरची, धनंजय महाडिक यांची. गादीचं म्हणाल, तर ती कधी हरते, कधी जिंकते : 2009 मध्ये छत्रपती घराण्यातले संभाजीराजे अपक्ष सदाशिवराव मंडलिकांकडून हरले आणि 2024 मध्ये ‘मान गादीला, मत मोदींना’ असा प्रचार होऊनही त्याच घराण्यातले शाहू महाराज सुमारे दीड लाखाच्या मताधिक्याने जिंकले.

शिवसेनेचे संजय मंडलिक 2014 ला पडले, 2019 ला अडीच लाखांहून जास्त मतांनी निवडून आले, 2024 ला पुन्हा पडले. या काळात काँग्रेसचे नेते सतेज पाटील यांचा गट कुठे होता ते पाहा. 2014 ला महाडिकांबरोबर. त्याच वर्षी विधानसभेला ‘कोल्हापूर दक्षिण’मध्ये महाडिकांच्याच घरातल्या अमल महाडिकांनी सतेज पाटलांना हरवलं. त्याचा हिशेब 2019 ला चुकता झाला : आघाडीचे उमेदवार महाडिक असतानाही ‘आमचं ठरलंय’ म्हणत गट मंडलिकांच्या मागे गेला. 2024 ला तो शाहू महाराजांबरोबर होता. तिन्ही वेळा गट जिकडे, गुलाल तिकडे.

यावरून आमचा मतदार अडाणी ठरवू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. उसाला वेळेत तोड मिळाली नाही की तुरे येतात, वजन घटतं, वर्षाचं गणित कोलमडतं. पीककर्ज सेवा सोसायटीतून येतं, घरखर्च दुधाच्या बिलावर चालतो. कारखाना, सोसायटी, दूध संस्था गटाच्या हातात असताना शेतकरी गटाचं ऐकतो, तो पोटासाठी.

नोव्हेंबर 2024 मध्ये मात्र याच जिल्ह्यात काँग्रेसला विधानसभेच्या दहापैकी एकही जागा मिळाली नाही. त्या निकालाला अनेक कारणं असतील. पण ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना 1500 रुपये थेट खात्यात येत होते, मध्ये कुणाची चिठ्ठी लागत नव्हती, हे मला त्यात फार महत्त्वाचं वाटतं.

या सगळ्यात दिल्लीचे प्रश्न मागे पडतात, आणि त्याचा फटका आम्हालाच बसतो. साखरेचा किमान विक्री दर केंद्राने फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये केला. 2024 च्या लोकसभेपर्यंत तो तिथेच राहिला. उसाची एफआरपी (किमान दर) त्या काळात क्विंटलला 275 वरून 315 रुपयांवर गेली. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने अचानक बंधनं आणली. ऊसपट्ट्यातली निवडणूक या दोन विषयांवर पेटायला हवी होती. सभांमध्ये चर्चा होती ती कोण कुणाच्या जोडण्या लावतंय याची.

म्हणून दोन मागण्या. कारखान्यांनी लागणीच्या नोंदीप्रमाणे तोडीची यादी गावोगाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, म्हणजे तोडीसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. आणि पुढच्या लोकसभेला आपल्या वृत्तपत्राने प्रत्येक उमेदवाराकडून साखर दर आणि इथेनॉलबाबत संसदेत काय भूमिका घेणार, हे लेखी घेऊन पहिल्या पानावर छापावं.

आपला,
एक ऊस उत्पादक मतदार, ता. करवीर, जि. कोल्हापूर